मॅटाडोर, कसारा घाट आणि ब्रेकची परीक्षा

आजच्या भागाचा विषय सध्या आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये उभा आहे, आणि त्याच्याखाली पुठ्ठा अंथरलाय, कारण तो ऑइल गाळतो. सोसायटीच्या ग्रुपवर त्याचे दोन फोटो येऊन गेलेत. खाली लिहिलेलं, "हे कोणाचं आहे?"

माझं आहे. म्हणजे माझं आणि माझ्या एका मित्राचं, निम्मं-निम्मं. १९८८ ची मॅटाडोर. कोणीतरी तिच्या मागच्या सीट काढून लाकडी पलंग, सिंक, गॅसची शेगडी आणि पडदे बसवले होते. विकणारा म्हणाला, "व्हिंटेज कॅम्पर आहे, सर." पडदे बघून आम्ही भुललो. पडद्यांवर सूर्यफुलं होती.

एपिसोड काढायचं कारण सांगतो. गाडी घेतल्यावर मी जाहीर करून टाकलं की पहिल्या रविवारी आई-बाबांना घेऊन कसारा घाट उतरून भंडारदऱ्याच्या... नाही, भंडारदरा तिकडे नाही, घोटीवरून आत वळायचं. बघा, उत्साहात मी नकाशाही विसरलो होतो. तर ठरलं होतं घाट उतरून मामाकडे शहापूरला जायचं. आई खूश. बाबांनी एकच प्रश्न विचारला. "ब्रेक कोणी बघितले?"

कोणीच नाही. मी बीटेक आहे, रोज दुसऱ्यांच्या कोडमध्ये चुका शोधून पगार घेतो, आणि दोन टनांचं लोखंड मी पडदे बघून विकत घेतलं होतं.

मग गाडी ट्रकवर चढवून द्वारकेजवळच्या एका गॅरेजला नेली. तिथले चाचा गेली चाळीस वर्षं डिझेलवर काम करतायत. पुढचे तीन रविवार मी त्यांच्यासोबत गाडीखाली होतो. तिथे जे कळलं त्यातलं निम्मं मेकॅनिकल होतं आणि निम्मं इतिहास. आज दोन्ही सांगतो, एकातून दुसरं वेगळं काढता येत नाही म्हणून.

आधी नाव. आपण "टेम्पो आला का?" असं विचारतो तेव्हा आपल्याला मालवाहू गाडी म्हणायची असते, कोणत्याही कंपनीची. पण टेम्पो हे एका कंपनीचं नाव आहे. जर्मनीत हॅम्बुर्गजवळ हारबुर्ग नावाच्या भागात विडाल अँड सोन नावाची कंपनी होती, तिच्या गाड्यांचा ब्रँड टेम्पो. स्वस्त, लहान, तीनचाकी मालगाड्या ही त्यांची खासियत. दुकानदार, भाजीवाले, बेकरीवाले हे त्यांचं गिऱ्हाईक.

युद्धानंतर, १९४९ मध्ये, त्यांनी चार चाकांची एक व्हॅन काढली आणि नाव ठेवलं मॅटाडोर. आता गंमत ऐका. त्या पहिल्या मॅटाडोरला इंजिन होतं फोक्सवॅगनचं. पण १९५० मध्ये फोक्सवॅगनने स्वतःची व्हॅन बाजारात आणली. तीच गोलमटोल बस, जिच्यावर फुलं रंगवलेली असतात, जी आज जगभरात "कॅम्पर व्हॅन" म्हटलं की डोळ्यासमोर येते. मग स्वतःच्याच प्रतिस्पर्ध्याला इंजिन कशाला पुरवायचं? दोनेक वर्षांत पुरवठा बंद झाला आणि टेम्पोला दुसरीकडून इंजिनं घ्यावी लागली. म्हणजे इन्स्टाग्रामवर जिचे लाखो फोटो आहेत ती बस आणि आमची ऑइल गाळणारी बाई, या दोघी जुन्या भांडणातल्या चुलत बहिणी आहेत.

हे सगळं महाराष्ट्रात कसं आलं? इथे नाव येतं नवलमल फिरोदिया यांचं. अहमदनगरचं कुटुंब. वडील कुंदनमल फिरोदिया हे मुंबई विधानसभेचे अध्यक्ष होते. नवलमल स्वतः वकील, स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगात गेलेले, आणि भारतात ऑटोरिक्षा आणण्याचं श्रेय ज्यांना दिलं जातं ते हेच. १९५८ मध्ये बजाज टेम्पो कंपनी उभी राहिली आणि गोरेगावात जर्मन टेम्पोच्या हॅन्सीट नावाच्या तीनचाकी गाड्या बनायला लागल्या. मग कारखाना पुण्याजवळ आकुर्डीला आला. १९६९ च्या सुमारास मॅटाडोर आली आणि पुढची तीस वर्षं ती बनत राहिली. कंपनीचं नाव २००५ मध्ये फोर्स मोटर्स झालं, पण तोपर्यंत "टेम्पो" आणि "मॅटाडोर" ही दोन्ही नावं आपल्या बोलण्यात इतकी मुरली होती की ती परत कंपनीकडे जाणं शक्य नव्हतं.

माझ्या बाबांच्या पिढीला विचारा. लग्नाचं वऱ्हाड मॅटाडोरमधून, शाळेची मुलं मॅटाडोरमधून, पेपरचे गठ्ठे, दुधाचे कॅन, गणपती. आणि अँब्युलन्ससुद्धा. आमचे बाबा म्हणतात की त्यांच्या लग्नात एका मॅटाडोरमध्ये सव्वीस माणसं बसली होती. हा आकडा दर दिवाळीला दोन-तीनने वाढतो.

एवढी माणसं का बसायची याचं कारण मात्र इंजिनिअरिंगचं आहे. मॅटाडोरची ताकद पुढच्या चाकांना जाते. मागे जाणारा लांब शाफ्ट नाही, त्यामुळे मागची जमीन सपाट आणि खाली. चढायला सोपी, माल टाकायला सोपी, आणि पलंग टाकायला तर फारच सोपी. जर्मनीत त्या घराण्याच्या व्हॅन्समध्ये लोकांनी कॅम्पर बनवले ते याच कारणाने, आणि आमच्या गाडीच्या आधीच्या मालकानेही तेच केलं, बहुतेक जर्मनीचं काही माहीत नसताना.

आता गाडीखाली जाऊ या.

पहिल्या रविवारी चाचांनी पाना हातातच घेतला नाही. त्यांनी एक लोहचुंबक काढला, फडक्यात गुंडाळला आणि गाडीच्या खालच्या पट्टीवरून फिरवत नेला. टक, टक, चिकटत गेला. मागच्या चाकाच्या कमानीपाशी आला आणि पडला. तिथे पत्राच नव्हता. पुट्टी होती, वर छान रंग. "बेटा, ये गाडी नाही, ही भिंत आहे," चाचा म्हणाले.

नंतर हातोडीच्या दांड्याने चेसिस ठोकून बघितली. चांगलं लोखंड खणखणतं, सडलेलं थपथप वाजतं. तुम्ही जुनी गाडी घेणार असाल तर एवढं तुम्हालाही जमेल. आमचं नशीब बरं, चेसिस खणखणली. गाडीचं आयुष्य नाशिक-सिन्नर भागात गेलेलं, कोकणातल्या खाऱ्या हवेत नाही. गंज होता तो पाणी साचतं तिथे: चाकांच्या कमानी, दरवाजाचा तळ, आणि त्या हौशी सिंकच्या बरोबर खाली. सिंकचं सांडपाणी जमिनीच्या पत्र्यावर झिरपत होतं. चार इंचांचा तुकडा माझ्या अंगठ्याने आत गेला. त्या जागेच्या बरोबर वर आईची सीट आली असती.

जॅकबद्दल एक गोष्ट, कारण यात माणसं मरतात. जॅक हा गाडी उचलण्यासाठी असतो, उचलून धरण्यासाठी नाही. गाडीखाली शिरायचं असेल तर खाली लोखंडी स्टँड हवेत, सपाट जमिनीवर, आणि उरलेल्या चाकांना लाकडी ठोकळे. चाचांच्या गॅरेजमध्ये विटांवर गाडी ठेवायला बंदी आहे. का, असं विचारलं तर त्यांनी उत्तर दिलं नाही, फक्त डाव्या हाताची दोन बोटं दाखवली. पुढे मी विचारलं नाही.

इंजिन. आमच्या गाडीत आहे ओएम ६१६, चार सिलिंडर, २.४ लिटर डिझेल. मर्सिडीजचं. खोटं सांगत नाही. १९७३ मध्ये मर्सिडीजच्या २४० डी या कारमध्ये जे इंजिन आलं तेच पुढे बजाज टेम्पोने परवान्यावर इथे बनवलं. मॅटाडोर, ट्रॅक्स, टेम्पो ट्रॅव्हलर, सगळ्यांत ते गेलं. जगात हे इंजिन न मरण्यासाठी प्रसिद्ध आहे. टॅक्सीवाल्यांनी त्यावर लाखो किलोमीटर काढलेत. मॅटाडोरला हे घराणं कसं लाभलं? जर्मन टेम्पो आधी हानोमागने गिळली, आणि हानोमागचा मालगाड्यांचा धंदा १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला डायमलर-बेंझकडे गेला. आकुर्डीचा नातेसंबंध त्याच माळेत ओवला गेला.

आणि नाशिककरांनो, कॉलर ताठ करा. डिझेल इंजिनमध्ये इंधनाचा फवारा मारणारं जे नोझल असतं, ते बनवणारा मायकोचा मोठा कारखाना आपल्या सातपूरला. मायको म्हणजे मोटर इंडस्ट्रीज कंपनी, २००८ पासून नाव बॉश. त्र्यंबक रोडला "मायको सर्कल" म्हणतो आपण, रिक्षावालेही तेच म्हणतात, बॉश सर्कल कोणी म्हणत नाही. नाशिकच्या कितीतरी घरांत एक पिढी त्या नोझलच्या पगारावर शिकली. चाचांनी आमचे चारही नोझल काढून टेस्टरवर लावले. तीन बरे फवारे, चौथ्यातून गळती. गळका नोझल म्हणजे काळा धूर, आणि दुर्लक्ष केलं तर पिस्टन जळतो. बदलला. आता नाकात धूर कमी जातो.

नाकावरून आठवलं. मॅटाडोरमध्ये इंजिनाचा बराच भाग केबिनमध्ये असतो, दोन पुढच्या सीटच्या मधे, एका झाकणाखाली. हिवाळ्यात ऊब, उन्हाळ्यात तंदूर. पण त्या झाकणाची रबरी पट्टी कुजली असेल आणि खाली सायलेन्सरचा पाइप फुटला असेल, तर धूर थेट तुमच्या केबिनमध्ये. आणि यात लोक झोपणार असतात! कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. डोकं दुखतं, झोप येते, आणि माणसाला वाटतं प्रवासाने थकलोय. आम्ही पट्टी नवी बसवली, पाइपचा जोड वेल्ड केला, आणि बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइड अलार्म ऑनलाइन मागवला. संपूर्ण गाडीतली सगळ्यात स्वस्त आणि मला सगळ्यात आवडलेली वस्तू.

गॅसच्या शेगडीचं काय? ती निघाली. आधीच्या मालकाने घरचा १४.२ किलोचा लाल सिलिंडर पलंगाखाली बंद कपाटात ठेवायची सोय केली होती. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला की वर जात नाही, जमिनीवर पाण्यासारखा साचतो. परदेशातल्या कॅम्परमध्ये म्हणून सिलिंडरचं कपाट आतून बंद आणि खाली जमिनीला भोक असलेलं असतं, गळालेला गॅस रस्त्यावर पडावा म्हणून. आमच्या कपाटाला भोक नव्हतं, आणि बाजूलाच बॅटरी होती. रबरी नळीवर छापलेली मुदत केव्हाच उलटून गेली होती. मी ते कपाट उघडलं तेव्हा माझ्या मित्राने सिगारेट बाहेर फेकली आणि त्या दिवसापासून, निदान गाडीजवळ, ओढत नाही.

वायरिंगबद्दल थोडक्यात. सूर्यफुलांच्या पडद्यामागे एलईडी पट्ट्या, पंखा आणि फोन चार्जरसाठी ओढलेल्या वायरी थेट बॅटरीवर होत्या, मधे एकही फ्यूज नाही. घासून कुठे उघडी पडली की पूर्ण बॅटरीचा करंट त्यातून जातो आणि वायरच हीटर होते. सगळं उपटलं.

दुसरा रविवार. ब्रेक.

इथे मला थोडं मागे जायचंय, दीडशे वर्षांहून जास्त मागे, कारण कसारा घाटात ब्रेकचा प्रश्न मॅटाडोरच्या खूप आधी सोडवला गेला होता. रेल्वेने.

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची कसारा ते इगतपुरी ही घाटातली लाइन १ जानेवारी १८६५ ला सुरू झाली. त्याला थळ घाट म्हणतात. चढ १ ला ३७. म्हणजे ३७ मीटर पुढे गेलात की १ मीटर वर. रस्त्यावर हे काहीच वाटत नाही, पण रुळावर लोखंडाची चाकं घसरतात, म्हणून रेल्वेसाठी हा भयंकर चढ आहे. मुंबईहून येताना कसाऱ्याला गाडी थांबते आणि मागून इंजिनं लागतात ना, ती बँकर इंजिनं याचसाठी. चिक्कीवाला तेव्हाच येतो.

पण खरा प्रश्न चढण्याचा नाही, उतरण्याचा. चढताना ताकद कमी पडली तर गाडी थांबते. उतरताना ब्रेक कमी पडले तर थांबत नाही. त्या इंजिनिअरांनी काय केलं? घाटात कॅच सायडिंग बांधले. मुख्य मार्गातून एक फाटा काढायचा जो वर चढत जातो. सांधा एरवी त्या फाट्याकडेच लावलेला. उतरणाऱ्या गाडीने आधी थांबून दाखवायचं. थांबली, म्हणजे ब्रेक शाबूत, मग सांधा मुख्य मार्गाला लागतो. नाही थांबली तर आपोआप फाट्यावर जाते आणि चढावर तिचा वेग मरतो.

मी सॉफ्टवेअरवाला माणूस, मला हे वाचून अंगावर काटा आला. आपण याला आज फेल-सेफ म्हणतो आणि कॉन्फरन्समध्ये स्लाइड्स दाखवतो. यांनी गृहीतच धरलं होतं की गाडी सुटलेली आहे. ती सुटलेली नाही हे सिद्ध करायची जबाबदारी गाडीची. बाबांचा "ब्रेक कोणी बघितले?" हा प्रश्न त्याच घराण्यातला.

आता थोडं गणित, घाबरू नका. इगतपुरीवरून कसाऱ्याला आपण साधारण ३०० मीटर खाली येतो. गाडी दोन टनांची धरा. ही सगळी उंचीची ऊर्जा कुठेतरी जायला हवी. हिशोब केला तर जवळजवळ साठ लाख ज्यूल येते. इंजिनाने आणि हवेने काहीच रोखलं नाही असं समजलं तर ही सगळी उष्णता चार चाकांच्या ब्रेकमध्ये जाते. एवढ्या उष्णतेत नळाचं अठरा-एकोणीस लिटर पाणी उकळीला येईल. एक मोठी बादली भरून. तुमच्या चाकांमध्ये.

मॅटाडोरचे ब्रेक ड्रमचे. ड्रम म्हणजे बंद डबा, उष्णता आत कोंडते. ड्रम तापून फुगतो, लायनरची पकड जाते, पॅडल दाबलं तरी गाडी हळू होत नाही. त्यात दुसरी भानगड ब्रेक ऑइलची. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी पितं. नवीन डॉट ३ ऑइल २०५ अंशांच्या वर उकळतं, पण पाणी प्यायलेलं १४० च्या आसपासच उकळू शकतं. उकळलं की नळीत वाफेचे बुडबुडे. ऑइल दाबलं जात नाही, बुडबुडा दाबला जातो. पॅडल थेट जमिनीला. आणि हे सपाट रस्त्यावर कधीच कळत नाही! कॉलेज रोडवर चक्कर मारून "ब्रेक मस्त आहेत" म्हणणारा माणूस खोटं बोलत नसतो, त्याने परीक्षाच घेतलेली नसते. आम्हाला विकणाऱ्याने अशीच चक्कर मारून दाखवली होती.

चाचांनी ब्रेक ऑइल काढलं तर ते चहाच्या रंगाचं. मागचे दोन व्हील सिलिंडर गळके, लायनरवर ऑइल. पुढच्या डाव्या चाकाची रबरी नळी वाकवली तर बाहेरून भेगा. अशी नळी आतून सुजते, दाब जातो पण परत येत नाही, आणि ते एक चाक कायम अर्धवट ब्रेक लागलेलं राहतं. सगळ्या नळ्या, सगळे सिलिंडर, चारही चाकांचे लायनर नवे टाकले. ड्रम उघडले तेव्हा मी कॉम्प्रेसरने धूळ उडवायला गेलो आणि चाचा माझ्यावर ओरडले. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅसबेस्टॉस असायचं. ती धूळ फुप्फुसात गेली की बाहेर येत नाही. ओल्या फडक्याने पुसायची, फडकं पिशवीत बांधून टाकायचं. "आमच्या उस्तादांना कोणी सांगितलं नव्हतं," एवढंच म्हणाले.

एक गोष्ट सगळ्या डिझेल व्हॅनवाल्यांसाठी. पॅडल हलकं करणारा जो ब्रेक बूस्टर असतो तो व्हॅक्यूमवर चालतो. पेट्रोल इंजिनात व्हॅक्यूम फुकट मिळतो, डिझेलमध्ये नाही, म्हणून इंजिनावर चालणारा वेगळा पंप असतो. आता सांगा, डिझेल वाचवायला घाटात इंजिन बंद करून, न्यूट्रलमध्ये गाडी सोडणारे काका आपल्या सगळ्यांच्या ओळखीत आहेत की नाही? इंजिन बंद म्हणजे पंप बंद. दोन-तीन वेळा पॅडल दाबलं की साठलेला व्हॅक्यूम संपला, मग पॅडल दगड. शिवाय गिअरमध्ये इंजिन जो अडवणारा जोर देतं तोही गेला. ज्या गिअरमध्ये घाट चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. हा नियम ट्रकच्या मागे लिहायला हवा, "पप्पा जल्दी आना" च्या खाली.

टायर. आमचे टायर दिसायला झकास, नक्षी भरपूर. बाजूला चार आकडी कोड असतो: पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. आमच्यावर होतं २३०९. म्हणजे २००९ चा तेविसावा आठवडा. गाडी उभीच असायची म्हणून नक्षी झिजली नाही, पण रबर मेलं होतं. नखाने दाबलं तर चर्र. पाचही टायर बदलले, स्टेपनीसकट. इथे आमच्या बजेटने राम म्हटलं.

स्टिअरिंगसाठी पुढचं चाक हवेत उचलून वर-खाली धरून हलवलं. हलतं म्हणजे किंगपिन किंवा बेअरिंग ढिलं. आमचं हललं, थोडं. ते झालं. बाकी बारीकसारीक बरंच होतं, सांगत नाही, नाहीतर तुम्ही स्पीड दोन एक्सवर कराल.

आता तिसरा रविवार, आणि हा गॅरेजमध्ये नाही, टेबलावर गेला. कागद.

विकणारा "व्हिंटेज" म्हणाला होता. भारतात व्हिंटेज कशाला म्हणायचं हे २०२१ च्या केंद्रीय नियमांत लिहिलेलं आहे: पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुनी, खासगी वापराची, मूळ रूपात राखलेली गाडी. तिला नंबरात "व्हीए" अक्षरं मिळतात, नोंदणीची फी २०,००० रुपये, आणि ती रोज रस्त्यावर फिरवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढंच. आमची गाडी पन्नाशीची नाही आणि मूळ रूपात तर मुळीच नाही. म्हणजे कायद्याच्या नजरेत ती व्हिंटेज नसून नुसती म्हातारी आहे.

म्हाताऱ्या गाडीचा हिशोब वेगळा. १९८८ चा मोटार वाहन कायदा १ जुलै १९८९ पासून लागू झाला. त्यात खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षं, नंतर दर पाच वर्षांनी तपासणी करून नूतनीकरण. ज्याला आपण पासिंग म्हणतो. केंद्राने २०२२ पासून पंधरा वर्षांवरच्या कारची नूतनीकरण फी ६०० वरून ५,००० केली, नंतर वीस वर्षांवरच्यांना आणखी वाढवली. आमच्या गाडीचं पासिंग संपून दोन वर्षं झाली होती. म्हणजे विकणाऱ्याने जी चक्कर मारून दाखवली तीसुद्धा बेकायदा. आणि आम्ही घाटात ठोकलो असतो तर विम्याच्या नावाने शंख.

त्याहून मोठी गोम पलंगाची. आरसीवर गाडी होती नऊ सीटची. प्रत्यक्षात सीट तीन, पलंग एक. कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलात फरक पडेल असा बदल मालकाने आपल्या मनाने करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही याच कलमावर कडक भूमिका घेतली. कॅम्परसाठी भारतात रीतसर वाट आहे. मोटार कॅराव्हानसाठी एआयएस-१२४ नावाचं मानक आहे, महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हान पर्यटनाचं धोरणही आणलं. पण ती वाट नव्या, मंजुरी घेऊन बांधलेल्या गाड्यांची आहे. द्वारकेच्या सुताराने प्लायवूडचा पलंग ठोकलेल्या मॅटाडोरला ती कुठे लागू करणार?

एक एजंट म्हणाला, "सर, करून देतो, कोणी आत बघत नाही." खरं सांगतो, मोह झाला. मित्र तर तयारच होता. आमचं त्या टेबलावर चांगलं वाजलं. तो म्हणाला, "पलंग नाही तर ही गाडी कशाला घेतली?" त्याचा मुद्दा बरोबर होता. माझाही होता. शेवटी मी त्याला तो कुजलेला पत्रा आठवून दिला, माझा अंगठा आत गेलेला. आधीच्या मालकाच्या वेळीही कोणी आत बघितलं नव्हतं.

पलंग काढला. जुन्या बाजारातून मॅटाडोरच्या सीट शोधायला पंधरा दिवस लागले. सीटबेल्टही लावून घेतले. कंपन्यांना पुढच्या सीटला बेल्ट देणं सक्तीचं झालं १९९४ च्या सुमारास, म्हणजे आमच्या गाडीच्या जन्मावेळी तो प्रश्नच नव्हता, आणि बेल्ट पत्र्यात स्क्रूने मारून चालत नाही, मागे जाड लोखंडी पट्टी द्यावी लागते. सिंक सुताराला परत दिलं. पडदे ठेवले. पडद्यांबद्दल कायदा काय म्हणतो ते कृपया मला कोणी कळवू नका.

पेठ रोडच्या आरटीओत गाडी पास झाली. पहिल्या फेरीत नाही. हेडलाइटचा झोत वर जात होता म्हणून परत पाठवलं, आणि त्यांचं बरोबर होतं.

मग तो रविवार आला, ठरल्यापेक्षा अडीच महिने उशिरा. मी चालवत होतो, बाबा शेजारी, आई आणि मित्र मागे. हीटर प्लगचा दिवा विझेपर्यंत थांबलो, इंजिन धडधडत उठलं. बाबा खिडकीतून हात बाहेर काढून बसले, लग्नाच्या मॅटाडोरमध्ये बसले असतील तसे. सव्वीसाचे आता एकतीस झालेत.

चाचांनी सांगून ठेवलं होतं: घाट लागण्याआधी थांबायचं. दहा-पंधरा वेळा नीट ब्रेक वापरून झालेत ना, मग उतरून प्रत्येक चाकाजवळ हात न्यायचा. लावायचा नाही, जवळ न्यायचा. चारही सारखे गरम हवेत. इगतपुरी बायपासच्या बाजूला, चहाच्या टपरीपाशी मी थांबलो. खाली दरीत कुठेतरी रेल्वेची लाइन.

पुढचं उजवं, कोमट. मागची दोन्ही, कोमट. पुढचं डावं, हात जवळ नेववेना.

बाबा पण उतरले होते. त्यांनीही हात नेऊन बघितला, काही बोलले नाहीत, टपरीवाल्याला चार चहा सांगितले. आईने मामाला फोन लावला, की जेवायला थांबू नका. चहा पिऊन, चाक गार व्हायला तासभर थांबून, आम्ही गाडी वळवली आणि तिसऱ्या गिअरमध्ये नाशिकला परत आलो.

सोमवारी चाचांनी ड्रम उघडला. लायनरची स्प्रिंग उलटी बसली होती. त्यांच्याच पोऱ्याने बसवलेली, मी शेजारी उभा राहून टॉर्च धरलेली. त्यांनी पैसे घेतले नाहीत. येत्या रविवारी परत इगतपुरीपर्यंत जाणार आहोत. आधी फक्त मी आणि मित्र.